मसाज आणि वॅक्सिंग एकाच दिवशी: आधी काय, नंतर काय आणि कुठे हात लावायचा नाही

दिवाळी किंवा लग्नसराई जवळ आली की पार्लरच्या बोर्डावर एक पॅकेज हमखास लागतं: फुल बॉडी मसाज, फुल बॉडी वॅक्स, सोबत पेडिक्युअर, शेवटी स्टीम. सगळं एका बैठकीत. सुट्टी एकच मिळालेली, मुलांकडे बघायला कुणीतरी एकाच दिवसापुरतं असतं, त्यामुळे हे सोयीचं वाटतं आणि पॅकेज जसंच्या तसं घेतलं जातं. मग दोनपैकी एक त्रास ठरलेला. मसाज आधी झाला तर तेलकट केसांवर वॅक्स धरत नाही आणि तीच जागा दोन-तीनदा ओढावी लागते. वॅक्स आधी झालं आणि लगेच त्यावरच तेल चोळलं, तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्यांवर आणि दंडांवर बारीक पुळ्या उठतात.

दोन्ही उपचार एका दिवशी घेता येतात, पण एकाच जागेवर नाही. हातापायांचं वॅक्स असेल तर मसाज पाठ, मान, डोकं आणि तळपाय एवढ्यापुरता. पाठीचं वॅक्स असेल तर पाठीला त्या दिवशी तेल नाही. पुढचं सगळं वेळापत्रक या एका नियमावर बसवलेलं आहे.

त्वचेत नेमकं काय होतं

वॅक्सने केस मुळापासून निघतो आणि तो ज्या रंध्रात रुजलेला असतो ते काही काळ रिकामं राहतं. वॅक्सवर दाबून ओढायच्या पट्टीबरोबर, म्हणजे स्ट्रिपबरोबर, त्वचेच्या वरच्या मृत पेशींचा पातळ थरही निघून येतो. तो थर बाहेरच्या जंतूंना आणि रसायनांना अडवत असतो. म्हणजे वॅक्सनंतर एक-दोन दिवस त्या भागाचा पहारा ढिला असतो. वॅक्सनंतर लगेच दिसणारे लाल ठिपके आणि रंध्रांभोवतीची किंचित सूज ही त्वचेची नेहमीची प्रतिक्रिया आहे. ती काही तासांत, फार तर दिवसभरात उतरते.

आता त्यावर मसाज केला तर घर्षण, उष्णता आणि तेल या तिन्ही गोष्टी एकदम येतात. घर्षणाने आधीच दुखावलेली रंध्रं अजून सुजतात. रक्तप्रवाह वाढून लाली टिकून राहते. तेलाबरोबर त्वचेवरचे, हातांवरचे, चादरीवरचे जंतू उघड्या रंध्रांत ढकलले जातात. त्यातला स्टॅफिलोकॉकस हा तर अनेकांच्या त्वचेवर आणि नाकात एरवीही असतो, तो रंध्रात शिरला की पू धरलेली पुळी तयार होते. तेलात निलगिरी, पेपरमिंट, कापूर किंवा मेंथॉल असेल, जे अंगदुखीच्या मसाजात हटकून असतं, तर जळजळ वेगळीच.

उलट क्रमाच्या बाजूने एक मुद्दा नेहमी सांगितला जातो: मसाजने अंग सैल होतं, त्वचा गरम होते, केस सहज निघतात. त्वचा कोमट असली की केस जरा सोपा निघतो, इतपत ते बरोबर आहे. पण तो फायदा घरून निघण्याआधी कोमट पाण्याने अंघोळ केली तरी मिळतो. तासभर तेल मुरवल्यावर केसावर तेलाचा थर बसतो, स्ट्रिप सटकते, केस मुळाऐवजी मधेच तुटतो. तुटलेला केस दोन-चार दिवसांत खुंटासारखा टोचायला लागतो किंवा त्वचेखाली वळून आतच वाढतो. शिवाय मसाजने नरम आणि लाल झालेली त्वचा वॅक्सबरोबर सोलली जाण्याची शक्यता जास्त.

स्ट्रिपशिवाय निघणारं जाड हार्ड वॅक्स लावताना आधी तेलाचे एक-दोन थेंब पसरतात, म्हणजे वॅक्स त्वचेला कमी आणि केसाला जास्त चिकटतं. हे बघितलेल्यांना वाटतं की तेल चालतं. पण तो थर जेमतेम हाताला जाणवेल इतका असतो. मसाजमध्ये एकट्या पाठीवरच 10 ते 15 मिली तेल जातं, अभ्यंगात तर त्याच्या कितीतरी पट.

फोनवर काय ठरवायचं

अपॉइंटमेंट घेताना "वॅक्स आणि मसाज" एवढंच सांगून फोन ठेवू नका. भाग सांगा आणि क्रमही सांगा: "ताई, फुल लेग्ज, फुल आर्म्स आणि अंडरआर्म्सचं वॅक्स आधी. मग पाठ, खांदे, मान, डोकं आणि तळपायांचा मसाज. बाकी हातापायांना तेल नको. मधे पंधरा-वीस मिनिटं थांबणार आहे." एवढं आधी बोलून झालं की त्या दिवशी टेबलावर पडून वाद घालावा लागत नाही. पॅकेज घ्यायचंच असेल तर ते दोन तारखांना विभागून मिळेल का, हेही विचारा. पैसे तेच, त्वचेचा त्रास कमी.

त्याच फोनवर आणखी दोन गोष्टी विचारून घ्या. वॅक्स आणि मसाज एकच व्यक्ती करणार की वेगवेगळ्या, आणि दोन्हींच्या मधे चादर बदलणार का. एका व्यक्तीने केलं तरी बिघडत नाही, फक्त तिने वॅक्सनंतर कोपरापर्यंत हात साबणाने धुतले पाहिजेत. चादर मात्र बदललीच पाहिजे. वॅक्स करताना चादरीवर वॅक्सचे थेंब आणि केस पडतात, मग तेलकट पाठ त्याच चादरीवर टेकली की ते सगळं पाठीला चिकटतं.

आठवडाभर आधीची तयारी

केसांची लांबी साधारण तांदळाच्या दाण्याएवढी, म्हणजे 5 ते 6 मिमी हवी. त्याहून आखूड केस वॅक्स पकडत नाही. रेझर वापरला असेल तर दोन ते तीन आठवडे थांबा. 12 मिमीच्या वर वाढलेले केस आधी ट्रिमरने कापून घ्या, नाहीतर ओढताना विनाकारण दुखतं. पुरुषांच्या छाती-पाठीच्या वॅक्सला हे विशेष लागू आहे, कारण तिथला केस जाड असतो.

चेहऱ्यावर किंवा अंगावर रेटिनॉल, ट्रेटिनॉइन, अ‍ॅडापलीन अशी क्रीम लावत असाल तर ती त्या भागावर किमान आठवडाभर आधी बंद ठेवा. ग्लायकोलिक किंवा सॅलिसिलिक अ‍ॅसिडवालं लोशन दोन-तीन दिवस आधी. या क्रीमने वरचा थर पातळ झालेला असतो आणि स्ट्रिपबरोबर कातडी निघते, त्याचा डाग महिनोन् महिने राहतो. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील, किंवा बंद करून सहा महिने झाले नसतील, तर वॅक्स करूच नका.

पार्लर नवं असेल, किंवा नेहमीचं असूनही वॅक्स नवं असेल, तर किमान एक दिवस आधी पॅच टेस्ट करून घ्या. दंडाच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर वॅक्स लावून काढायचं आणि दुसऱ्या जागेवर मसाजचं तेल लावून ठेवायचं. दोन्ही वेगवेगळ्या जागी, म्हणजे खाज आलीच तर कशाने आली ते कळतं. बऱ्याच वॅक्समध्ये राळ असते आणि राळेची अ‍ॅलर्जी हा ओळखीचा प्रकार आहे. ज्यांना चिकटपट्टीने पुरळ येतं त्यांनी ही टेस्ट अजिबात चुकवू नये.

पाळीच्या आधीचे दोन-तीन दिवस आणि पाळीतले पहिले दिवस अनेकींना वॅक्स जास्त दुखतं. तारीख हातात असेल तर पाळी संपल्यानंतरचा आठवडा धरा. बधिर करणारं क्रीम लावून संपूर्ण पाय किंवा हात वॅक्स करण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. लिडोकेन-प्रिलोकेनची ही क्रीम मोठ्या भागावर, त्यातही प्लॅस्टिक गुंडाळून लावली तर औषध रक्तात उतरतं आणि ते गंभीर होऊ शकतं.

कुणी एकत्र घेऊ नये

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर वॅक्सने रक्ताचे ठिपके आणि दाबाने काळेनिळे डाग लवकर येतात, डॉक्टरांना विचारल्याशिवाय दोन्ही नको. मधुमेह काबूत नसेल तर साधी पुळीही लवकर बरी होत नाही. फुगलेल्या निळ्या शिरांवर वॅक्सची पट्टी ओढू नये आणि तिथे दाबूनही मसाज करू नये.

स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढलेल्या असतील, तर त्या बाजूचा हात आणि काख वॅक्स आणि मसाज या दोन्हींपासून दूर ठेवा. तिथे लहानसा जंतुसंसर्गसुद्धा हात सुजवू शकतो. उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी स्पष्ट परवानगी दिली तरच पुढे जा.

एकच पोटरी सुजलेली, गरम आणि दुखरी असेल, विशेषतः लांबचा प्रवास, ऑपरेशन, प्लॅस्टर किंवा बाळंतपण यानंतर, तर तिथे मसाज करायचा नाही. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. "पाय भरून आलाय, जरा दाबून दे" असं म्हणणाऱ्या प्रत्येकीला मसाज करणाऱ्या ताईंनी हा प्रश्न विचारायला हवा: एकच पाय दुखतोय का दोन्ही?

गरोदरपणात त्वचा जास्त हळवी असते. पाचव्या महिन्यानंतर बराच वेळ पाठीवर सपाट झोपणं टाळायचं असतं आणि पोटावर झोपता येत नाही. डॉक्टरांची हरकत नसेल तर एका दिवशी एकच उपचार, कुशीवर झोपून. उन्हाने भाजलेली कातडी, ताप, नागीण, खरूज, उघडी जखम असेल तर तारीख पुढे ढकला. तीळ आणि मस्सा यांच्यावरून वॅक्स ओढत नाहीत, तिथला केस कात्रीने कापायचा.

त्या दिवसाचा क्रम

सकाळी दहाची वेळ धरू. घरून कोमट पाण्याने अंघोळ करून या. अंगाला लोशन, तेल, डिओ, परफ्यूम काही नको. सैल सुती कपडे घाला, परत जाताना तेच घालायचे आहेत.

पहिली दहा मिनिटं बोलण्याची: औषधं, अ‍ॅलर्जी, पाळी, मागच्या वेळी कुठे पुळ्या आल्या. मग वॅक्स. पाय आधी, मग हात, शेवटी काखा. फुल लेग्जला 35-40 मिनिटं, फुल आर्म्सला 20-25, काखांना दहा.

त्वचा आधी क्लीन्झरने पुसून कोरडी करायची. कोरडी झाली का हे बघायची सोपी रीत म्हणजे साधा टिश्यू दाबून पाहणं. कागदावर पारदर्शक डाग उमटला तर तेल आहे, दमट झाला तर घाम. दोन्हींत परत पुसा. मुंबई-कोकणच्या दमट हवेत ही पायरी गाळली की हनी वॅक्स तारा सोडतं आणि केस तसेच राहतात. पंखा चालू ठेवा आणि टाल्कम पावडरचा अगदी हलका हात फिरवा. पावडर पांढरी दिसायला लागली म्हणजे जास्त झाली, मग वॅक्स पावडरलाच चिकटतं.

वॅक्स लावण्याआधी करणाऱ्या व्यक्तीने स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला आणि मग तुमच्या त्वचेवर थेंब लावून बघायचा. कोमट वाटलं पाहिजे, चटका नाही. मसाजची वेळ गाठायची घाई असली की हीटरचा काटा वाढवला जातो. पातळ गरम वॅक्स भराभर पसरतं, पण भाजण्याचे बहुतेक प्रकार इथेच होतात. केस ज्या दिशेने वाढतात त्या दिशेने पातळ थर, आणि उलट दिशेने स्ट्रिप त्वचेला समांतर ठेवून एका झटक्यात. वर उचलून ओढली की कातडी सुटते आणि निळसर डाग पडतो. मांडीची आतली बाजू आणि दंडाची मागची बाजू सैल असते, तिथे दुसऱ्या हाताने त्वचा ताणून धरलीच पाहिजे. काखेत केस दोन-तीन दिशांनी वाढतात, म्हणून तिथे लहान लहान पट्ट्या. एका जागेवर जास्तीत जास्त दोनदा. तरी राहिलेले केस चिमट्याने काढा.

वॅक्स लावायची काडी, म्हणजे स्पॅच्युला, त्वचेला लावून परत डब्यात बुडवणं ही सर्रास चालणारी सवय आहे आणि ती मोडायला हवी. वॅक्स गरम असतं म्हणून जंतू मरतात असं नाही, कामाचं तापमान तेवढं नसतंच. प्रत्येक बुडवणीला नवी लाकडी काडी मागा. रोल-ऑन असेल तर तुमच्यासाठी नवा कार्ट्रिज उघडला का ते बघा.

वॅक्स कुठल्या जातीचं आहे यावर पुढची पायरी ठरते. साखर-लिंबू-मधाचं हनी वॅक्स पाण्यात विरघळतं, ओल्या कपड्याने टिपलं की झालं. पार्लरमध्ये रिका किंवा व्हाइट चॉकलेट या नावांनी चालणारं वॅक्स तेलात विरघळतं, ते पाण्याने निघत नाही. त्याचा चिकटपणा काढायला कापसावर तेलाचे चार-पाच थेंब घेऊन टिपायचं, मग तो भाग स्वच्छ ओल्या कपड्याने पुसून घ्यायचा. नेमकी इथेच गडबड होते. तेल हातात आलं की हात आपोआप चोळायला लागतो आणि दोन मिनिटांचं पुसणं दहा मिनिटांच्या पायाच्या मसाजात बदलतं. अशा वेळी तुम्हीच थांबवा: "ताई, फक्त टिपा, चोळू नका."

साडेअकराच्या सुमाराला वॅक्स संपतं. आता पंधरा-वीस मिनिटं थांबा. थंड पाण्यात पिळलेला स्वच्छ कपडा वॅक्स केलेल्या भागावर ठेवा. बर्फ थेट लावू नका. नंतर सुगंध नसलेलं कोरफडीचं जेल पातळ. ही वेळ वाया जात नाही, लाली उतरते का वाढते ते या वीस मिनिटांतच दिसतं. गांधी उठल्या, खाज पसरत चालली, ओठ किंवा डोळे सुजायला लागले तर मसाज रद्द. श्वास घ्यायला त्रास झाला तर थेट हॉस्पिटल.

सगळं ठीक असेल तर बदललेल्या चादरीवर मसाज सुरू करा. वॅक्स केलेले हातपाय दुसऱ्या कोरड्या सुती चादरीने झाकून घ्या, म्हणजे तेलाचे ओघळ तिकडे जात नाहीत. पाठ, खांदे आणि मान यांना 10 ते 15 मिली तेल पुरतं. तेल आधी तळहातावर घ्यायचं, बाटलीतून थेट पाठीवर ओतायचं नाही. तीळतेल किंवा बदामतेल साधं, बिनवासाचं चांगलं. खांद्यावरून हात खाली येताना काखेच्या चार बोटं अलीकडे थांबायला हवा. हात डोक्यावर ताणून ठेवू नका, अंगालगत ठेवा. अर्धा तास पाठीला दिला की पंधरा-वीस मिनिटं डोकं. ते शेवटून दुसरं, कारण डोक्याचं तेल कानामागून मानेवर उतरतं. वरचा ओठ, कपाळ किंवा साइडलॉक्स त्याच दिवशी वॅक्स किंवा थ्रेडिंग केले असतील तर डोक्याचा मसाज कोरडाच घ्या. अशा वेळी पालथं झोपून चेहरा टॉवेलवर दाबून ठेवणंही बरं नाही, त्यामुळे चेहऱ्याचं काम शक्यतो वेगळ्या दिवशी.

शेवटची दहा मिनिटं तळपायांना. हात घोट्याच्या वर जायचा नाही. पाय फार दुखत असतील आणि राहवतच नसेल तर वॅक्स केलेल्या पोटरीवर स्वच्छ चादरीवरून हलकं चेपलेलं चालतं. चेपणं म्हणजे हात जागेवर ठेवून दाबणं आणि सोडणं. चोळण्यात कातडी घासली जाते, चेपण्यात नाही.

मग तेल कोमट ओल्या टॉवेलने पाठीवरून पुसून घ्या आणि घरी जा. पॅकेजमध्ये शेवटी स्टीम असेल तर ती सोडा. पैसे भरलेत म्हणून घेऊ नका. घाम आणि वाफ यांनी उघड्या रंध्रांचं नुकसानच होतं.

पेडिक्युअरचं काय?

पेडिक्युअर म्हणजे नखं आणि टाचा, असं आपण धरतो. पण त्यात गुडघ्यापर्यंत स्क्रब आणि पोटरीचा मसाज असतोच, शिवाय पाय गरम पाण्याच्या टबात. म्हणजे ज्या पायांचं वॅक्स झालंय तेच पाय. 2000 साली कॅलिफोर्नियातल्या एका नेल सलूनमध्ये शंभरहून जास्त ग्राहकांच्या पायांवर न बरे होणारे फोड आले होते. शोध घेतल्यावर पाय बुडवायच्या टबांमध्ये मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम हा जंतू सापडला, आणि पेडिक्युअरच्या आधी पायांवर रेझर फिरवलेल्यांना धोका जास्त असल्याचं दिसलं. तिथे रेझर होता, पण वॅक्सनेही त्वचेचं कुंपण उघडंच पडतं. त्यामुळे वॅक्स आणि पेडिक्युअर एकाच दिवशी नको. करायचंच तर पाय न बुडवता, घोट्याखाली.

फुल बॉडी मसाज हवाच असेल तर

मग दोन तारखा. मसाज आधी घ्यायचा असेल तर तो वॅक्सच्या किमान एक दिवस आधी, आणि मधे एकदा साबण लावून नीट अंघोळ. नंतर घ्यायचा असेल तर वॅक्सनंतर पूर्ण 48 तास जाऊ द्या. त्वचा हळवी असेल, पुळ्या येण्याची सवय असेल तर 72. आमचं मत विचाराल तर मसाज आधी घेतलेला केव्हाही बरा. स्क्रबही त्याच दिवशी होऊन जातो, मृत कातडी निघते आणि वॅक्सला केस स्वच्छ मिळतो.

लग्नाचा आठवडा

इथे नवरीच्या अंगावर एकामागून एक इतक्या गोष्टी होतात की क्रम चुकला की सुधारायला जागा राहत नाही. लग्न रविवारी आहे असं धरू. फुल बॉडी मसाज आणि स्क्रब सोमवारी किंवा मंगळवारी. वॅक्स बुधवारी. गुरुवार मोकळा. शुक्रवारी मेंदी, शनिवारी हळद.

वॅक्स मेंदीच्या आधीच का? मेंदीचा रंग त्वचेच्या वरच्या थरात बसतो आणि वॅक्स नेमका तोच थर काढून नेतं. मेंदीनंतर हाताचं वॅक्स केलं तर रंगाचे चट्टे उडतात. तेलही तिथे आड येतं: अंगाला मुरलेलं तेल असेल तर मेंदी नीट धरत नाही, म्हणून मेंदीच्या आदल्या दिवसापासून हातांना मसाज नाही.

चुड्याचा विचार कुणी करत नाही आणि तोच अडवतो. हिरव्या काचेच्या बांगड्या एकदा भरल्या की उतरवायच्या नसतात. कासार त्या साबण किंवा तेल लावून मनगटावरून चढवतो, म्हणजे तिथे घर्षणही आलं. चुड्याखालचा हात नंतर ना वॅक्स करता येतो ना मसाज. त्यामुळे बांगड्या भरायच्या किमान दोन दिवस आधी हात झालेले असू द्या.

हळदीचं तसंच. ताज्या वॅक्सवर भरडसर हळद चोळली तर झोंबते, आणि उष्टी हळद लावणारे प्रेमाने पण जोरात लावतात. दोन-तीन दिवसांचं अंतर असलं की काही होत नाही.

दिवाळीतही हीच गोष्ट. नरकचतुर्दशीच्या पहाटे अभ्यंगस्नान म्हणजे तेलाचा मसाज आणि लगोलग उटण्याचा स्क्रब. नागरमोथा, वाळा, आंबेहळद घातलेलं उटणं कितीही बारीक दळलं तरी खरखरीत असतं. त्यामुळे वॅक्स वसुबारसेच्या आसपास उरकून घ्या. धनत्रयोदशीच्या रात्री पार्लरच्या रांगेत बसून आणि पहाटे उटणं लावून घेतलेल्या पायांना भाऊबीजेपर्यंत खाज सुटते.

घरी बोलावून करायचं असेल तर

पलंगावर करू नका. गादी खचते, त्वचा ताणली जात नाही, मसाजचा दाबही बसत नाही. घडीचा टेबल आणणारी व्यक्ती बघा, नाहीतर जमिनीवर जाड सतरंजी आणि वर दोन धुतलेल्या चादरी, एक वॅक्ससाठी, एक मसाजसाठी. वॅक्सचा हीटर पंख्याच्या थेट झोतात ठेवू नका. नाशिक-पुण्याच्या थंडीत वॅक्स त्वचेवर पडता पडता घट्ट होतं आणि थर जाड बसतो, म्हणून खोली आधी बंद करून ऊबदार ठेवा. लहान मुलं आणि कुत्रा-मांजर हीटरच्या खोलीत नकोत.

पुढचे 48 तास

अंघोळ कोमट पाण्याने, वॅक्स केलेल्या भागाला लूफा किंवा वज्री नाही. पोहणं, जिम, स्टीम, घट्ट जीन्स आणि लेगिंग्ज टाळा, पावसाळ्यात ओले कपडे अंगावर वाळू देऊ नका. काखेत दोन दिवस डिओ नाही. बाहेर जायचं असेल तर अंग झाकून, कारण ताज्या वॅक्सवर ऊन लागलं की काळसर डाग पडतात. मसाजच्या तेलात लिंबू, मोसंबी, बर्गमॉट असे आंबट फळांचे अर्क असतील तर पाठही उन्हापासून सांभाळा, यातल्या काही तेलांची उन्हात प्रतिक्रिया होऊन डाग उमटतात. डोक्याला तेल तसंच ठेवून झोपणार असाल तर उशीचा अभ्रा धुतलेला असू द्या आणि मानेचं वॅक्स झालं असेल तर केस त्याच संध्याकाळी धुवा.

तिसऱ्या दिवसापासून साधं मॉइश्चरायझर चालू करा. आठवड्याने मऊ कपड्याने, हलक्या हाताने, आठवड्यातून दोनदा घासलं की केस आत वळत नाहीत.

बिघडलं तर

पहिल्या दिवसाची लाली आणि सपाट ठिपके: थंड कपडा, जेल, वाट पाहा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला पांढरं असलेल्या पुळ्या: रंध्रांचा जंतुसंसर्ग. फोडू नका, तेल आणि हळद लावू नका, सौम्य साबणाने दिवसातून दोनदा धुवा आणि कोरडं ठेवा. दोन-तीन दिवसांत कमी झाल्या नाहीत, पसरत गेल्या, जागा गरम आणि ठणकती झाली किंवा ताप आला तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. मेडिकलमधून स्टेरॉइड आणि अँटिबायोटिक एकत्र असलेलं मिश्र क्रीम आणून लावण्याची आपल्याकडे फार सवय आहे. त्याने लाली चटकन कमी दिसते आणि आतला संसर्ग दबून वाढत राहतो.

कातडी सोलली गेली असेल तर ती ओली, चकचकीत दिसते आणि पाणी लागलं की झोंबते. तिथे साधी पेट्रोलियम जेली आणि स्वच्छ गॉज, भरून येईपर्यंत वॅक्स-मसाज काही नाही. फक्त पाठीवर पुरळ उठलं आणि हातपाय स्वच्छ राहिले तर संशय तेलावर घ्या. उलट असेल तर वॅक्सवर. डॉक्टरांकडे जाताना वॅक्सच्या डब्याचा आणि तेलाच्या बाटलीवरच्या घटकांच्या यादीचा फोटो सोबत असू द्या. तो फोटो पार्लरमध्ये त्याच दिवशी काढून ठेवायचा, नंतर डबा बदललेला असतो.